मळ्यातील मालमोटार

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगलीकडे निघालेल्या प्रवाशाची दृष्टी बहुधा कृष्णाकाठच्या उसावर रेंगाळते. तासगावाकडे वळणाऱ्याची द्राक्षांच्या मांडवांवर. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या विहिरीच्या थारोळ्याशेजारी, लिंबाच्या सावलीत, आसापर्यंत मातीत रुतलेली लांब नाकाची जुनी मालमोटार उभी असली तर ती त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. पण तो तिला पाहत नाही. गव्हावर तांबेरा पडावा तसा तिच्या पत्र्यावर गंज चढलेला असतो. हौद्यात फवारणीच्या नळ्या आणि फाटकी पोती पडलेली असतात, ड्रायव्हरच्या बैठकीखाली कोंबडी खुडूक बसलेली असते, आणि घरातील वृद्ध मनुष्य सोडला तर ती गाडी कोणत्या साली, कोठून व कोणत्या पैशाने आली हे कोणास सांगता येत नाही. भंगारवाला मात्र वर्षातून एकदा येऊन तिचा भाव विचारून जातो. तो किलोवर बोलतो.

अशा गाडीपुढे एखादा मनुष्य थबकतो, बॉनेटावरची धूळ हाताने पुसून खालचे अक्षर वाचू पाहतो, आणि तेथून त्याचा नाद सुरू होतो. नाद लागण्यास पुष्कळदा एखादे छायाचित्रही पुरेसे होते: मडगार्डवर पाय ठेवून उभे असलेले आजोबा, डोक्यास फेटा, मागे नवी कोरी गाडी आणि तिच्या कपाळावर झेंडूचा हार. छायाचित्रातील आजोबा गेलेले असतात. गाडी मात्र मळ्यात असते. दोहोंमधील अंतर पाहून नातवास काही सुचेनासे होते, आणि मग तो पाने, पक्कड व रॉकेलचा डबा घेऊन मळ्याकडे जाऊ लागतो. घरच्यांची प्रथम समजूत होते की, हा मळा विकावयास निघाला.

जुन्या मोटारींचा शौक हा राजेरजवाड्यांचा आणि कारखानदारांचा, अशी एक समजूत आहे व ती सर्वस्वी खोटी नाही. कोल्हापुरास दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा लोक तिच्याकडे आदराने पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु राजाची मोटार थोडी धावली, छपराखाली निजली, तिच्या दिमतीस खास मनुष्य होता. म्हणून ती टिकली. मालमोटारीने वर्षानुवर्षे हळदीची पोती, गुळाचे रवे, कौले, दगड आणि ऊस वाहिला. ती मोडली तेव्हा तिचे अवयव दुसरीच्या अंगात गेले, आणि राहिले ते भट्टीत वितळले. ज्या वस्तूने अधिक काम केले तीच कमी उरली. इंग्लंडात ही गोष्ट काही मंडळींच्या लवकर ध्यानी आली. तेथे १९५८ साली जुन्या व्यापारी वाहनांसाठी एक स्वतंत्र संस्था निघाली, आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी त्यांची यात्रा निघू लागली; तीत दूधवाल्याच्या गाडीपासून बंबापर्यंत सर्वांस मान असतो. अमेरिकेत मालमोटारींच्या इतिहासाची अशी संस्था १९७१ साली स्थापन झाली. आपल्याकडे हरयाणात ताऊडू येथे २०१३ साली वाहतुकीचे एक मोठे संग्रहालय उघडले, हे एक सुचिन्ह म्हणावयाचे. तथापि सातारा-सांगलीच्या मळ्यांतून उभ्या असलेल्या गाड्या तेथवर पोहोचण्याचा संभव थोडाच.

या गाड्या मुळात आल्या कोठून? फोर्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास मुंबईत पाऊल टाकले, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस शेव्हरोलेट गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. मालमोटार म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती पडे तो पुष्कळदा नुसता सांगाडा: चासी, एंजिन, चाके आणि नाकापुरता पत्रा. ड्रायव्हरची खोली व हौदा ज्याने त्याने आपल्या गावच्या सुताराकडून बांधून घ्यावयाचा. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या कऱ्हाडास एका चेहऱ्याच्या आणि मिरजेस दुसऱ्याच चेहऱ्याच्या झाल्या. आज एखादी गाडी पुन्हा उभी करू पाहणाऱ्यास जी पहिली अडचण येते ती हीच की, तिच्या अर्ध्या अंगाचा नकाशा अमेरिकेच्या पुस्तकात सापडतो आणि उरलेल्या अर्ध्याचा कोठेच सापडत नाही. तो सुताराच्या डोक्यात होता.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा गाडीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर मोटारी हाकल्या गेल्या. चढ लागला की उतारूंनी खाली उतरावयाचे, हा त्या काळचा अलिखित नियम. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी गाड्या विक्रीस निघाल्या. जी. एम. सी. कंपनीने सहा चाकांवर जोर देणारी अडीच टनी मालमोटार युद्धकाळात साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनविली होती. कानडातील फोर्ड व शेव्हरोलेट कारखान्यांनीही बसक्या नाकाच्या लष्करी गाड्या लाखांनी काढल्या होत्या. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे जाण्यासाठी जन्मलेल्या यांतील काही गाड्या अशा रीतीने लिलावातून नागरी मालकांच्या हाती आल्या आणि लाकडे व दगड वाहू लागल्या.

त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांचे मोटारीचे स्वप्न आकारास येत होते. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकेतील क्राइस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डि-सोटो आणि फार्गो या तीन नावांची जी मालमोटार जुन्या माणसांच्या बोलण्यात येते ती वस्तुतः एकच. नाकावरची पट्टी तेवढी निराळी. मात्र मालकांमध्ये यावरून हिरिरीचे वाद होत, आणि फार्गोवाला डॉजवाल्यास आपल्याहून हलका समजे. पुढे १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटार काढली. तिच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. करार १९६९ साली संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले. मळ्यातील गाडीचे वय ठरविताना हा तारा फार उपयोगी पडतो. अर्थात कोणी तो काढून देव्हाऱ्यात ठेवला नसेल तर.

या काळात या मुलखातही मोठी घडामोड चालली होती. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. उतारूंची वाहतूक सरकारने हाती घेतली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. गेली, ती बेडफर्ड गाडी होती. उतारू सरकारकडे गेल्यावर खाजगी मोटारमालकास मुख्यत्वे मालाचे क्षेत्र राहिले. सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले, कोयनेस धरणाचे काम निघाले, सांगलीची हळदपेठ वाढत होती. हरिपुरास जमिनीखालच्या पेवांतून हळद साठविली जाई व तेथून ती देशभर जाई. २००५ च्या महापुराने त्या पेवांची फार हानी केली. गाड्यांच्या दर्शनी भागावर ‘पब्लिक कॅरिअर’ असे रंगविलेले असे, ते १९३९ च्या मोटार कायद्यातील परवान्याचे नाव. मागच्या फाळक्यावरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हे मात्र कोणत्याच कायद्यात नव्हते. उलट २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ते लिहिण्यास बंदी केली. रंगाऱ्यांनी ही बंदी कितपत मनावर घेतली, हे कोणत्याही नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिल्यास समजते.

जुनी गाडी पुन्हा चालती करण्याचे वेड या भागातच का सुचावे, याचा विचार करताना येथील लोखंडाकडे पाहावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलीच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची भीती असताना त्यांनी तो नांगर त्यांच्या गळी उतरविला. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. तेथेही नांगर झाले, आणि भारतात बनलेल्या अगदी आरंभीच्या डिझेल एंजिनांपैकी काही तेथे तयार झाली. पुढे हाच कारखाना वालचंदांच्या समूहाकडे गेला. सांगलीस १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली वालचंदांचेच नाव मिळाले. ओतकाम, कातकाम आणि एंजिनाची दुरुस्ती या विद्या येथे विहिरीवरच्या एंजिनामुळे गावोगाव पोहोचल्या. ज्याने पाण्याचे एंजिन उघडले आहे त्यास मोटारीचे एंजिन परके वाटत नाही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातील भाग जुळवून, दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होणारी एक लहानशी चारचाकी बनविली. २०२१ च्या अखेरीस तिचा देशभर गवगवा झाला आणि एका मोठ्या मोटार उद्योगाच्या प्रमुखांनी तिच्या बदल्यात नवी गाडी देऊ केली. जुनी मालमोटार उभी करणे हे याच हाताचे दुसरे काम आहे. फरक इतकाच की, येथे नवे सुचवावयाचे नसते, जुने ओळखावयाचे असते.

आता समजा की, सांगलीजवळच्या एखाद्या गृहस्थाने आजोबांची फार्गो भंगारवाल्यास न देता स्वतः हाती घेतली. गाडी नदीकाठच्या गोठ्यात उभी होती. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ती बॉनेटापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर एंजिनात राहिला तो नदीचा गाळ. अशा गाडीस उत्साहाच्या भरात दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करू पाहणे म्हणजे तिचा अंत करणे होय. गाळातील रेव दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये सापडते व क्षणात दोहोंस ओरखडून टाकते. म्हणून पहिले काम धीराचे. प्लग काढावयाचे, प्रत्येक सिलिंडरात डिझेल व पातळ तेलाचे मिश्रण ओतावयाचे आणि आठवडा-दोन आठवडे तिकडे पाहावयाचे नाही. मग पुढच्या हॅण्डलाने, जोर न करता, एक बोटभर मागे, एक बोटभर पुढे असे हलवून पाहावयाचे. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. या कामात शहरी मनुष्य बहुधा येथेच हरतो. त्यास आठवड्याच्या सुट्टीत निकाल हवा असतो.

या फार्गोचे मूळ पेट्रोल एंजिन सहा सिलिंडरांचे व ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे असते. झडपा डोक्यावर नसून सिलिंडरांच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यातच बसविलेल्या असतात. त्यामुळे वरचे हेड म्हणजे अक्षरशः एक झाकण. ते उघडले की सारे उघडे पडते. झडपा चिकटल्या असल्या तर दिसतात, गॅस्केट कोठे जळले ते दिसते. शक्ती बेताची, पण हलके पेट्रोल सोसण्याची तयारी मोठी. खेड्यातील मिस्त्रीस समजेल असे हे यंत्र. हीच गाडी त्याहून जुनी, १९५४ पूर्वीची शेव्हरोलेट असती तर काम अधिक अवघड झाले असते. तिच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे आजच्यासारखी दुकानात मिळणाऱ्या कवचाची नसून ओतीव ‘व्हाइट मेटल’ची असत, म्हणजे कथील, तांबे व अँटिमनी यांच्या मिश्रधातूची. जुने धातू वितळवून काढावयाचे, रॉड साच्यात धरावयाचा, नवा रस ओतावयाचा. रस पुरेसा तापला की नाही हे जुने मिस्त्री लाकडाची काडी बुडवून, ती किती करपते ते पाहून ठरवीत. मग क्रँकवर निळा रंग चोपडून रॉड फिरवावयाचा आणि जेथे निळे उमटेल तेथे खरवडणीने केसभर खरवडावयाचे. पुन्हा फिरवावयाचे, पुन्हा खरवडावयाचे. एकेका रॉडास अर्धा दिवस जातो. हे काम करणारे हात आज फार थोडे राहिले आहेत आणि जे आहेत ते वृद्ध आहेत. लेथ विकत मिळतो. खरवडणी कोठे थांबवावयाची हे ज्या बोटांस कळते ती बोटे विकत मिळत नाहीत.

ब्रेकचे रबर, सिलिंडरांचे वॉशर, रेडिएटरची जाळी, पाट्यांमधील तुटलेले पान व झिजलेले किंगपिन या गोष्टी कंटाळवाण्या असल्या तरी असाध्य नाहीत. पाटे ठोकून देणारे कारागीर अजून आहेत, आणि ‘नऊशे-वीस’ मापाचे टायर अजून मिळतात. चाकाविषयी मात्र एक इशारा आवश्यक आहे. जुन्या चाकाचा टायर एका सुट्या पोलादी कड्याने धरलेला असतो. ते कडे गंजून झिजले असेल तर हवा भरताना बंदुकीच्या गोळीसारखे उडते आणि समोरच्याचा जीव घेते. म्हणून असे चाक पिंजऱ्यात ठेवून, अगर निदान साखळदंडाने जखडून, दुरून हवा भरावयाची. पंक्चरवाला पोरगा त्यावर हसेल. त्यास हसू द्यावे.

एक संकट नवे आहे आणि त्याचा उगम याच भागात आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. इथेनॉल जुने रबर व बूच यांस मऊ करते, हवेतील दमट ओढून घेते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असल्यास टाकीच्या तळाशी गंज धरविते. हे इथेनॉल उसापासूनही होते. म्हणजे ज्या गाडीने तरुणपणी कारखान्यास ऊस वाहिला, तिच्याच कार्बोरेटरास म्हातारपणी त्या उसाची बाधा व्हावी! उपाय सोपा आहे: नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचे बसवावयाचे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावयाची. ‘अस्सल तेच ठेवीन’ असा हट्ट धरणाऱ्याने येथे तरी तो सोडावा.

अस्सलपणाचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याचा खरा पेच पुढे आहे. पन्नाशीनंतर पुष्कळ मालकांनी पेट्रोल एंजिन काढून पर्किन्सचे ‘पी-सिक्स’ डिझेल एंजिन बसविले. इंग्लंडात १९३८ च्या सुमारास निघालेले हे एंजिन मद्रासेस सिम्प्सन कंपनीत होऊ लागले, आणि स्वस्त डिझेलावर जास्त मैल जाण्यासाठी मालकांनी ते पत्करले. आता नातवाने काय करावे? अमेरिकी पुस्तकात आहे तसे साइड-व्हॉल्व्ह एंजिन शोधून आणून बसवावे, की आजोबांनी बसविलेले पर्किन्स दुरुस्त करावे? पुस्तकी रसिक पहिल्या मार्गाचा आग्रह धरतात. परंतु मालमोटार ही शोभेची वस्तू म्हणून जन्मली नव्हती. हप्ते फेडण्यासाठी बदललेले एंजिन, जास्त पोती बसावीत म्हणून लांबविलेली चासी, तुटल्यावर ठोकलेली लोखंडी पट्टी, हे तिचे दोष नव्हेत. ती तिची हकीकत आहे. ही पट्टी कापून टाकली तर गाडी कदाचित कारखान्यातून निघाली तशी दिसेल. मात्र ती मग या घरची राहणार नाही. पर्किन्स ठेवावे, हाच कौल अधिक न्याय्य वाटतो. रंगाच्या बाबतीतही तेच. जुना रंग खरवडताना खालून निळा, त्याखालून हिरवा, आणि एका कोपऱ्यात कुलदैवताच्या नावाचे अर्धे अक्षर निघते. लांबी भरून सारे गुळगुळीत करण्यापूर्वी त्या अक्षराचे छायाचित्र तरी घ्यावे. जमल्यास तो कोपरा तसाच राखावा.

हौद्याचे काम सुताराचे. फळ्या कुजलेल्या असतात, पण त्यांच्या खुणा लोखंडी आडव्या पट्ट्यांवर उमटलेल्या असतात. भोकांचे अंतर मोजले की फळीची रुंदी कळते. चांगला सुतार त्यावरून सारा हौदा पुन्हा मांडतो. एवढ्यात घरातील एखाद्या वृद्धेस आठवते की, फाळका खाली पाडला की त्यावर मुले जेवावयास बसत, आणि त्यास डाव्या बाजूस एकच कडी होती. पुस्तकात न सापडणारा अर्धा नकाशा असा तुकड्या-तुकड्याने जमतो.

येथवर सारे साधले असे धरले, तरी शेवटचा अडसर गाडीत नसून कागदात असतो. २०२१ सालच्या मार्चात भारत सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम निघाले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्ही ए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळावा, नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असावे, ती दहा वर्षे चालावी, अशी ती तरतूद. मोटारीच्या रसिकांनी तिचे स्वागत केले. परंतु ही सवलत दुचाकींस आणि खाजगी वापराच्या उतारू मोटारींस आहे. मालमोटारीस त्या व्याख्येत जागा नाही. राजाची मोटार वारसा ठरली, हमालाची ठरली नाही. मालवाहू म्हणून रस्त्यावर यावयाचे तर योग्यतेचा दाखला, विमा, कर आणि परवाना हे सारे आजच्या गाडीप्रमाणे हवे. शिवाय जुने नोंदणीपुस्तक बहुधा पुरात गेलेले, कसरीने खाल्लेले, अगर ज्याच्या नावे आहे तो कैलासवासी झालेला. म्हणून ज्यास हा नाद लागला असेल त्याने पाना हाती घेण्यापूर्वी पेटी उघडावी. चासीवर ठोकलेला क्रमांक चुन्याने घासून वाचावा, तो नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा, वारसाहक्काचे कागद आधी नीट करावे, आणि ती गाडी मोडीत निघाल्याची नोंद पूर्वीच झालेली नाही ना याची परिवहन कचेरीत खात्री करून घ्यावी. उत्तम रंगविलेली पण बेवारशी गाडी ही मालकाच्या गळ्यातील धोंड होते. मालमोटारीसाठीही अशीच एक तरतूद असावी, ही मागणी अवाजवी नाही; वर्षातून चार दिवस, रिकाम्या हौद्याने, दिवसाउजेडी फिरण्यापुरती ती असली तरी पुष्कळ.

तोपर्यंत काय होते? गाडी सुरू होते ती मळ्यातच. आदल्या दिवशी मिस्त्रीने डिझेलच्या नळ्यांतील हवा काढलेली असते, बॅटरी भारून आणलेली असते. सकाळी घरची माणसे, शेजारची चार मुले आणि वीस वर्षे तीच गाडी हाकलेला म्हातारा ड्रायव्हर जमतात. ड्रायव्हरला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण वर चढल्यावर त्याचा हात गिअरच्या दांड्यावर आपोआप जातो. पहिल्या फेऱ्यास नुसता घरघराट, दुसऱ्यास पांढरा धूर, तिसऱ्यास एक-दोन सिलिंडर पकडतात आणि मग सहाही. लिंबावरचे पक्षी उडतात. म्हातारा एंजिनाचा वेग थोडा उतरवून, मान वाकडी करून ऐकतो व मिस्त्रीस एवढेच सांगतो की, तिसऱ्याचा नोझल पाहा. मग दोनदा क्लच दाबून, दातावर दात न घासता तो पहिला गिअर टाकतो आणि गाडी विहिरीपासून फाटकापर्यंत जाते. पुढे सरकारी रस्ता आहे, म्हणून तेथे थांबते. सांगलीस अगर कोल्हापुरास जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले तर तिला तेथे न्यावयास एक नवी, लांबलचक मालमोटार भाड्याने आणावी लागते. फाळका पाडून, फळ्यांचा उतार लावून, म्हातारीला तिच्या पाठीवर चढवितात आणि दोऱ्यांनी बांधतात. नव्या गाडीचा ड्रायव्हर निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन जुन्या गाडीचे नाव वाचतो, आणि क्लीनरास सांगतो की, दोरी अजून एक वेढा घट्ट घे.